बॉल दिसल्याशिवाय शिट्टी नाही: हायस्कूल फुटबॉल, एक चुकलेली शिट्टी आणि न्याय

शुक्रवारकर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहायचं मनात होतं, आज बसलोच.

मी ओहायोत राहतो. दिवसा आयटीतली नोकरी, आणि ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबर संपेपर्यंत दर शुक्रवारी संध्याकाळी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घालून हायस्कूल फुटबॉलच्या मॅचला ऑफिशियल म्हणून उभा असतो. फुटबॉल म्हणजे इथला, अमेरिकन, हातात धरून पळायचा. हा माझा पाचवा सीझन. मुलगा शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा म्हणून मॅच बघायला जायला लागलो, मग नियम समजायला लागले, मग एके दिवशी कळलं की गावोगावी ऑफिशियल मिळत नाहीत म्हणून शुक्रवारच्या मॅचेस गुरुवारी-शनिवारी सरकवाव्या लागतायत, आणि क्लास लावून परीक्षा देऊन टाकली.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बॉल असलेल्या टीमला 10 यार्ड पुढे जायला चार प्रयत्न, त्याला डाउन म्हणतात. 10 यार्ड झाले की पुन्हा नवीन चार. आम्ही मैदानात पाच जण. पांढऱ्या टोपीवाला मुख्य रेफरी, बाकीचे चौघे काळ्या टोपीत. मी लाइन जज, म्हणजे बाजूच्या रेषेवर, बहुतेक वेळा यजमान टीमच्या कोचच्या तोंडासमोर. हातात एक इलॅस्टिकचा पट्टा असतो, तो डाउनप्रमाणे एकेका बोटावर सरकवायचा, पहिला डाउन पहिलं बोट, दुसरा दुसरं. एवढ्या गोंधळात कितवा डाउन चाललाय हे डोक्यावर सोडायचं नाही म्हणून.

आता मुद्दा. मागच्या ऑक्टोबरमधली मॅच. पाहुणी टीम 17-20 ने मागे, शेवटच्या क्वार्टरची साधारण चार मिनिटं उरलेली, बॉल त्यांच्याकडे, दुसरा डाउन. क्वार्टरबॅकने (प्ले चालवणारा, बॉल आधी त्याच्याच हातात येतो) रनिंग बॅकच्या (बॉल घेऊन पळणारा) पोटात बॉल दिल्यासारखं केलं, तो पोरगा दोन्ही हात पोटाशी घेऊन माझ्या बाजूला घुसला, त्याच्यावर चार जण पडले, आणि मी शिट्टी मारली. बॉल त्याच्याकडे नव्हता. बॉल क्वार्टरबॅकच्या मांडीमागे होता आणि तो पलीकडच्या बाजूने निघालाही होता, समोर मैदान रिकामं. शिट्टी ऐकून तो थांबला. थांबून त्याने माझ्याकडे बघितलं.

आम्हाला पहिल्या क्लासला शिकवतात, चामडं म्हणजे बॉल दिसल्याशिवाय शिट्टी नाही. मला चामडं दिसलं नव्हतं. मला चार पोरं एकावर पडलेली दिसली आणि बाकीचं माझ्या डोक्याने भरून घेतलं.

नियम असा आहे की चुकून शिट्टी वाजली आणि बॉल कुणाच्या हातात असेल तर त्या टीमने ठरवायचं, जिथे शिट्टी वाजली तिथलं मान्य करायचं की डाउन पुन्हा खेळायचा. तो धावत असता तर टचडाउन (शेवटच्या रेषेपलीकडे बॉल नेऊन मिळणारे गुण) झाला असता हे नियमाला कळत नाही, कळूही नये कारण "झाला असता" वर कुणालाच गुण देता येत नाहीत. आमच्या पांढऱ्या टोपीने त्यांच्या कोचला जाऊन सरळ सांगितलं की चुकीची शिट्टी आहे, चूक आमची आहे. त्याने "आमची" म्हटलं, "त्याची" नाही, हे मी विसरणार नाही. त्यांनी डाउन पुन्हा खेळायचं ठरवलं, दोन यार्ड मिळाले, पुढचे दोन प्रयत्नही फसले, बॉल गेला.

आणि आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. पुढच्या ड्राइव्हमध्ये, म्हणजे बॉल यजमान टीमकडे आल्यावर, ती वेळ काढत होती, तिसरा डाउन. प्ले पलीकडच्या बाजूने गेला. माझ्या बाजूला त्यांच्या एका ब्लॉकरने समोरच्याचा शर्ट खांद्याबाहेर धरला होता. होल्डिंग. नियमाच्या पुस्तकाप्रमाणे शंभर टक्के होल्डिंग. पण प्लेपासून 20 यार्ड लांब, त्याने काही फरक पडत नव्हता, आणि असलं होल्डिंग मी संध्याकाळभर दोन्ही बाजूंना सोडत आलो होतो, "हात खाली घे" एवढंच सांगून. सगळे ऑफिशियल असंच करतात, नाहीतर दर प्लेला फ्लॅग (फाउल दाखवायला टाकायचा पिवळा कपडा) पडेल आणि मॅच संपणारच नाही.

माझा हात कमरेच्या फ्लॅगवर गेला. फ्लॅग टाकला असता तर 10 यार्ड मागे, त्यांचा फर्स्ट डाउन (मिळालेले नवीन चार प्रयत्न) रद्द, आणि बहुतेक बॉल पाहुण्या टीमला परत. कुणी मला चूक म्हणू शकलं नसतं, व्हिडिओतही होल्डिंग दिसलं असतं.

मी फ्लॅग टाकला नाही. मॅच 20-17 अशीच संपली.

वर्ष झालं. मला अजून वाटतं की टाकला नाही हेच बरोबर. पण घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, म्हणजे तुझ्या चुकीची किंमत त्या पोरांनीच भरायची का? मला उत्तर देता आलं नाही. तुम्हाला काय वाटतं?

---

नियमवाचक

छान लिहिलंय पण मला तुमचं पटलं नाही. होल्डिंग झालं होतं हे तुम्हीच म्हणताय. मग नियम मोडला तर दंड हवा, तुमच्या मनात त्या क्षणी काय चाललं होतं याच्याशी त्याचा काय संबंध? उलट मनातल्या विचारांना घाबरून तुम्ही खरा फाउल सोडलात. हाही पक्षपातच झाला ना, उलट्या दिशेने.

---

शुक्रवारकर

नियमवाचक, हा प्रश्न मी स्वतःला शंभर वेळा विचारलाय. उत्तर असं की त्या संध्याकाळी तसले सहा-सात तरी होल्डिंग मी सोडले होते. त्यात तीन-चार तरी पाहुण्या टीमचे. खेळणाऱ्या पोरांना पहिल्या क्वार्टरमध्येच कळतं की आज हा माणूस काय सोडतोय आणि काय धरतोय, ते त्याप्रमाणे खेळतात. चार मिनिटं उरलेली असताना मी माप बदललं तर ज्या पोराने शर्ट धरला त्याला मी फसवलं, कारण तासाभरापूर्वी त्याच गोष्टीला मी मान हलवून सोडलं होतं. पुस्तकातला नियम एकच असतो हो, पण मैदानावर त्या दिवसाचं माप ठरतं आणि ते शेवटपर्यंत एकच राहिलं पाहिजे. प्लेच्या जवळ असता, पळणाऱ्याला त्याचा फायदा झाला असता, तर मी पहिल्या मिनिटालाही टाकला असता आणि तेव्हाही टाकलाच असता.

---

पंचगंगाकाठ

दादा, तुमचा खेळ मला कळत नाही, पण तुमचं दुखणं कळलं. मी कोल्हापूरचा. आपल्याकडचा फुटबॉल, पायाने खेळायचा. बरीच वर्षं रेफरी होतो, आता गुडघे गेले म्हणून बंद. बाहेरच्यांना सांगून पटत नाही पण आमच्याकडं फुटबॉल म्हणजे पेठांचा खेळ, तालमींचे संघ, पाटाकडील असो, दिलबहार असो, खंडोबा असो, शिवाजी मंडळ असो. शाहू स्टेडियमवर मॅच असली की गॅलरीतला माणूस नुसता बघायला आलेला नसतो, पेठेची इज्जत घेऊन आलेला असतो.

एका मॅचला मी एका संघाचा चांगला गोल ऑफसाइड म्हणून नाकारला. लाइनमनचा झेंडा वर होता, मी त्याच्यावर विसंबलो. हाफटाइमला चार जणांच्या तोंडून कळलं की गोल बरोबर होता. सेकंड हाफला त्याच संघाचा पोरगा पेनल्टी एरियात पडला, धक्का म्हणावा असा नव्हता, आणि मी पेनल्टी दिली. देताना मला माहीत होतं मी काय करतोय. गोल झाला, बरोबरी झाली, गॅलरी गप्प झाली, कुणी मला काही बोललं नाही. उलट एक-दोघं म्हणाले, रेफरीनं फिट्टंफाट केली.

आज इतक्या वर्षांनी नाकारलेला गोल मला आठवत नाही नीट. पेनल्टी मारली तेव्हा समोरच्या गोलकीपरचं तोंड आठवतंय. त्याची काय चूक होती? पहिली चूक नजरेची होती, दुसरी मी ठरवून केली. तुम्ही हात फ्लॅगवरून काढला ते लै बरं केलं.

---

वाचनमात्र

पहिल्यांदाच लिहितोय, पंचगंगाकाठ काकांचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही. धन्यवाद काका.

---

जर्सीकर

आमच्या न्यू जर्सीत बास्केटबॉलला 2024 मध्ये याहून भयंकर झालं होतं. हायस्कूलची राज्य सेमीफायनल, कॅमडेन विरुद्ध मॅनास्क्वान. कॅमडेन एका गुणाने पुढे, शेवटच्या क्षणी मॅनास्क्वानच्या मुलाने बॉल टाकला, बास्केट झालं, रेफरीने आधी हो म्हटलं, पोरं नाचायला लागली. मग रेफरींनी आपापसात बोलून ते रद्द केलं, वेळ संपल्यावर हातातून सुटला म्हणून. कॅमडेन 46-45 ने जिंकलं. व्हिडिओ बघितला तर बॉल वेळ संपायच्या आधी स्पष्ट सुटलेला होता. राज्याच्या असोसिएशनने मान्य केलं की निर्णय चुकला, पण रेफरी मैदानाबाहेर पडले की निकाल बदलता येत नाही असा नियम आहे, तर नाही बदलला. शाळा कोर्टात गेली तिथेही काही झालं नाही.

माझा मुलगा तेव्हा दहावीत होता, तो चिडून मला म्हणाला बाबा सगळ्या जगाला दिसतंय, रेफरींना दिसतंय, असोसिएशनला दिसतंय, तरी सगळे हात बांधून बसलेत, मग नियम कुणासाठी आहे? मी तेव्हा त्याला म्हटलं होतं की असंच असतं. आता वाटतं हे काही उत्तर नव्हतं.

---

शुक्रवारकर

जर्सीकर, ती क्लिप आमच्या मीटिंगमध्ये सगळ्यांनी बघितली होती. खोलीत कुणी हसलं नाही.

रिप्लेबद्दल, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासण्याबद्दल, सांगतो. हायस्कूलच्या राष्ट्रीय फेडरेशनने 2019 पासून फुटबॉलमध्ये राज्यांना नॉकआउट मॅचेसपुरती रिप्ले वापरायची मुभा दिली आहे, पण दर शुक्रवारच्या मॅचला कॅमेरे, माणसं, पैसा कुठून आणणार. आमच्या काही शाळांत स्कोअरबोर्डचे बल्ब बदलायला पैसे नसतात. ज्या शाळेकडे सहा कॅमेरे आहेत तिथे एक न्याय आणि ज्या शाळेकडे पालकांचा फोन आहे तिथे दुसरा, हेही बरं नाही.

निकाल बदलत नाही याबद्दल मात्र मी तुमच्या मुलाच्या बाजूचा आहे थोडा. यावर एक जुनी गोष्ट आहे, आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असते. 16 नोव्हेंबर 1940, कॉर्नेल आणि डार्टमथ, कॉलेजची मॅच. कॉर्नेल सलग 18 मॅचेस हरलेलं नव्हतं. डार्टमथ 3-0 ने पुढे आणि शेवटच्या मिनिटात कॉर्नेल गोललाइनजवळ. रेफरी फ्रीझेल यांचा डाउनचा हिशोब चुकला आणि कॉर्नेलला चारऐवजी पाच डाउन मिळाले. पाचव्यावर टचडाउन, कॉर्नेल 7-3. मग फिल्म बघितली गेली. फ्रीझेलनी आपली चूक कबूल केली आणि कॉर्नेलने स्वतःहून डार्टमथला तार केली की ही मॅच तुमची. आजही निकाल डार्टमथ 3-0 असाच नोंदलेला आहे.

1990 मध्ये अगदी तेच झालं, कोलोराडो आणि मिसूरी. पुन्हा पाच डाउन, पुन्हा पाचव्यावर टचडाउन, कोलोराडो 33-31. यावेळी ऑफिशियल निलंबित झाले, पण कोलोराडोने मॅच परत दिली नाही आणि त्या सीझनचं राष्ट्रीय विजेतेपदही त्यांनी वाटून घेतलं. चूक तीच, नियम तोच, जिंकलेल्यांनी काय केलं एवढाच फरक.

म्हणून मी इलॅस्टिक बोटावर सरकवताना दर वेळी मनात आकडाही म्हणतो.

---

खडूफळा

मी महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी शारीरिक शिक्षण शिक्षक आहे. तुमची चर्चा वाचतोय आणि वाटतंय की तुमच्याकडे निदान मैदानावरचा न्याय हा प्रश्न तरी आहे. आमच्याकडे मॅच मैदानात येण्याआधीच अर्धी ठरलेली असते. शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य. 14 वर्षांखालच्या कबड्डीला समोरच्या संघात मिशा फुटलेली पोरं उभी असतात आणि त्यांचे दाखले बरोबर असतात. आमची पोरं मला विचारतात सर हे आपल्याएवढेच आहेत का. काय सांगू?

यात नुसता हव्यास नाही. खेळाडूंना दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात, सरकारी नोकरीत 5 टक्के आरक्षण आहे. एका सर्टिफिकेटवर घर उभं राहू शकतं. त्यामुळे दाखला बदलणारा बाप मला वाईट माणूस वाटत नाही, तो घाबरलेला माणूस वाटतो. पण त्याच्या पोराने ज्याला दाबलं ते पोरगं पण कुणाचं तरी आहे. काही राष्ट्रीय स्पर्धांत आता मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात. तालुक्याला कोण काढणार.

पंच म्हणून मी उभा असतो तेव्हा मला डोळ्यांनी दिसतं आणि हातात कागद असतो. कागद जिंकतो.

---

शुक्रवारकर

खडूफळा सर, वाचून गप्प झालो. आमच्याकडे वयाची मर्यादा आहे आणि ती तपासणं शाळेचं आणि राज्य असोसिएशनचं काम, ऑफिशियलचं नाही. मला मॅचच्या आधी कोचला एवढंच विचारायचं असतं की तुमचे सगळे खेळाडू नियमाप्रमाणे तयार आहेत का, पॅड, हेल्मेट वगैरे. तो हो म्हणतो, पुढे जबाबदारी त्याची.

आमच्याकडची विषमता वेगळी आहे. ओहायोत शाळांचे पटसंख्येवरून सात डिव्हिजन केलेत, तरीही एखाद्या शुक्रवारी एका बाजूला 70 पोरं आणि दुसऱ्या बाजूला 24. चोवीसवाली पोरं आक्रमणही करतात आणि बचावही, तिसऱ्या क्वार्टरला त्यांचे पाय उचलत नाहीत. दुसऱ्या हाफमध्ये फरक 30 गुणांचा झाला की आमच्याकडे घड्याळ चालूच ठेवायचं असा नियम आहे. बाहेरच्या लोकांना वाटतं हा दयेचा नियम आहे. मला तो सुरक्षेचा वाटतो, दमलेल्या पोराची मान खाली जाते आणि मान खाली घालून टॅकल करणं हा या खेळातला सगळ्यात घातक प्रकार आहे.

---

तुळस_अंगणी

शुक्रवारकर भाऊ, तुमच्या या शेवटच्या वाक्यावर थांबले. माझा मुलगा कॉर्नरबॅक, म्हणजे बचावात, खेळायचा. आमच्या घरात यावरून काय काय झालं ते लिहीत नाही, सासूबाईंनी तर एक सोमवार धरला होता. ज्युनिअर इयरला एका मॅचमध्ये त्याला धडक बसली, उठला, सगळ्यांना वाटलं ठीक आहे. पुढच्या प्लेच्या आधी तो समोरच्या टीमच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला. कोचने बघितलं नाही, मी बघितलं नाही, मी तर टाळ्या वाजवत होते. एका ऑफिशियलने बघितलं. त्यांनी वेळ थांबवली, त्याचा दंड धरून त्याला बाजूला आणलं आणि दुखापती बघणाऱ्या ट्रेनरकडे दिलं. कोच त्यांच्यावर ओरडत होता कारण आम्ही हरत होतो. माझा मुलगाही ओरडत होता. मीसुद्धा मनात म्हटलं काय बाई हा माणूस.

कंकशन होतं, म्हणजे मेंदूला धक्का बसलेला. दोन मॅचेस घरी बसला, अंधाऱ्या खोलीत, डोकं दुखायचं. डॉक्टर म्हणाले त्याच दिवशी दुसरी धडक बसली असती तर काय झालं असतं सांगता येत नाही.

त्या माणसाचं नावही मला माहीत नाही. तुम्ही सगळे एकसारखेच दिसता त्या शर्टात. तुमच्या एका शिट्टीचं तुम्हाला वर्षभर ओझं आहे, तर ही दुसरी शिट्टी पण त्याच्याशेजारी ठेवा.

---

शुक्रवारकर

ताई, थँक्यू. खूप मनापासून.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, 2010 पासून हायस्कूलच्या नियमातच आहे की कंकशनची लक्षणं दिसली तर खेळाडूला लगेच बाहेर काढायचं आणि वैद्यकीय माणसाने लिहून दिल्याशिवाय परत घ्यायचं नाही. आम्ही डॉक्टर नाही, निदान आमचं नाही, आम्ही फक्त म्हणायचं की याला बघा. ओहायोत 2013 पासून कायदा आहे, त्या दिवशी परत मैदानात यायचंच नाही. या सगळ्याच्या मागे वॉशिंग्टन राज्यातला झॅकरी लिस्टेट नावाचा 13 वर्षांचा मुलगा आहे. 2006 मध्ये डोक्याला मार लागल्यावर तो त्याच मॅचमध्ये परत खेळला आणि मॅचनंतर कोसळला. जगला, पण पुढची कित्येक वर्षं त्याला चालणं-बोलणं पुन्हा शिकावं लागलं. 2009 मध्ये त्याच्या नावाने कायदा झाला आणि पाचेक वर्षांत सगळ्या राज्यांत तसे कायदे आले.

आणि मान खाली घालून धडक देणं. 1968 साली सगळ्या स्तरांवर मिळून या खेळात थेट दुखापतीने 36 जण गेले होते. 1976 मध्ये डोक्याने धडक देण्यावर बंदी आली, हेल्मेटचे निकष आले, आणि 1990 साली हा आकडा शून्य होता. माझ्या कमरेचा पिवळा कपडा त्यासाठी पण आहे. न्याय म्हटलं की लोकांना टचडाउन आठवतो.

---

नियमवाचक

माझा पहिला प्रतिसाद जरा कोरडा झाला होता. माप शेवटपर्यंत एकच हा मुद्दा मला आता कळला. तरी एक विचारतो. नियम जसाच्या तसा लावला आणि अन्याय झाला तर? ओहायोतच 2019 मध्ये क्रॉस कंट्रीच्या शर्यतीत एका मुस्लिम मुलीला बाद केलं होतं ना, हिजाब घालून धावायला आधी परवानगीपत्र लागतं ते नव्हतं म्हणून. शर्यत पूर्ण केली, चांगली वेळ नोंदवली, आणि यादीत नावच नाही.

---

शुक्रवारकर

हो. आणि ती त्याआधीच्या सीझनभर तशीच धावत होती, कुणी अडवलं नव्हतं. म्हणजे माप मध्येच बदललं, माझा मुद्दा तोच. त्यात वाईट हे की ऑफिशियलला ते शर्यतीच्या आधी दिसलं होतं तर आधी तिच्याशी बोलायला हवं होतं. आम्हाला शिकवतात की कपड्यांचं काही असेल तर खेळ सुरू व्हायच्या आधी सोडवा, मोजा पायाखाली घसरला असेल तर वर कर म्हणा, फ्लॅग टाकू नका. पुढे राष्ट्रीय नियम बदलले आणि 2022 मध्ये ओहायोने कायदाच केला की धार्मिक वेशासाठी परवानगी मागायची गरज नाही. बदलला कुणामुळे, तर त्या मुलीने गप्प बसायचं नाकारलं म्हणून.

नियम वाईट असेल तर मी मैदानात तो मोडू शकत नाही, पण सोमवारी सकाळी त्याच्याविरुद्ध लिहू शकतो. मी लिहितोही. बहुतेकदा उत्तर येत नाही.

---

कोलंबस_एक्सप्रेस

दादा एक विचारू का, प्रेक्षकांचं काय? मी 26 चा आहे, इथे मास्टर्स करून नोकरीला लागलोय, मला यात यायचंय पण मैदानाबाहेरून लोक जे ओरडतात ते ऐकून भीती वाटते. त्यात आपला रंग, आपले उच्चार.

---

शुक्रवारकर

खोटं सांगत नाही, ऐकावं लागतं. एकदा एक गृहस्थ पूर्ण हाफ माझ्या पाठीमागे उभे राहून मला माझ्या देशात परत जायला सांगत होते. मी मागे वळलो नाही. हाफटाइमला आमच्या पांढऱ्या टोपीने शाळेच्या ॲथलेटिक डायरेक्टरला सांगितलं आणि ते गृहस्थ बाहेर गेले. एकट्याने सहन करायचं नसतं, सांगायचं असतं, हे मला त्या दिवशी कळलं. राष्ट्रीय फेडरेशनच्या म्हणण्याप्रमाणे 2018-19 नंतरच्या काही वर्षांत देशभरात सुमारे 50,000 हायस्कूल ऑफिशियल काम सोडून गेले. पैसा तसाही फार नसतो, मोठ्या पोरांच्या मॅचला मला शंभर डॉलरच्या आतबाहेर मिळतात, त्यात जाणं-येणं. लोक पैशासाठी सोडून जात नाहीत, शिव्यांमुळे जातात. आणि ऑफिशियल नसला की सगळ्यात आधी रद्द होतात त्या लहान पोरांच्या आणि गरीब शाळांच्या मॅचेस.

मैदानातली पोरं मात्र नव्वद टक्के वेळा सर म्हणतात. पडलेला बॉल आणून देतात.

---

जर्सीकर

त्या क्वार्टरबॅकचं पुढे काय झालं? कळलं का काही?

---

शुक्रवारकर

मॅच संपली की आम्ही लगेच मैदानाबाहेर पडायचं असतं, पोरांचे हात मिळवायच्या आधीच, त्यामुळे त्याच्याशी तेव्हा बोलता आलं नाही. घरी पोचायच्या आधी गाडीत बसून मी मॅचेसना ऑफिशियल नेमणाऱ्यांना ईमेल केला, काय झालं, कितव्या डाउनला, चूक माझी. यंदा सप्टेंबरमध्ये माझी नेमणूक त्याच शाळेत होती. मनात ठरवून गेलो होतो की भेटला तर सॉरी म्हणायचं. तो सीनियर होता, पास होऊन गेला. कोच भेटले, मी त्यांना म्हटलं की गेल्या वर्षीची शिट्टी माझी होती. ते म्हणाले माहीत आहे, नंतर तुझ्या बाजूचं होल्डिंग पण आम्ही फिल्ममध्ये बघितलं, आणि तू ते टाकलं नाहीस ते पण बघितलं. त्यापुढे काही बोलले नाहीत, पोरं वॉर्मअपला आली होती. त्यांना ते पटलं की नाही मला अजून माहीत नाही.

बायकोच्या प्रश्नाचं उत्तर म्हणाल तर, हो, किंमत त्या पोरांनीच भरली. ती मी दुसऱ्या पोरांकडून वसूल करू शकत नव्हतो, एवढंच.

---

पंचगंगाकाठ

कोच बोलले नाहीत म्हणजे त्यांनी नोंद घेतली. आमच्याकडं पण असंच असतंय.

---

कोलंबस_एक्सप्रेस

दादा, क्लास कधी सुरू होतो? आणि शिट्टी कुठली घ्यायची?

---

शुक्रवारकर

क्लास उन्हाळ्यात. शिट्टी बोटात अडकवायची घे, गळ्यातली नको, तोंडात असली की नको तेव्हा वाजते. बोटातली तोंडापर्यंत न्यायला जो अर्धा सेकंद जातो त्यात बॉल शोधायचा. या शनिवारी सकाळी नऊला सातवी-आठवीची मॅच आहे माझ्याकडे, कोलंबसपासून पाऊण तास. 10 यार्ड मोजायची साखळी धरायला माणूस कमी पडतोय. येत असशील तर मेसेज कर, जाड मोजे घालून ये, गवत ओलं असतं.